ओल्या फडक्याचा पुरावा

खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागलेली जुनी फियाट मे महिन्याच्या दुपारी बंद पडली, की पुढचा विधी ठरलेला असतो. बॉनेट उघडायचं, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतायचं, ते फडकं एसी पंपाला, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला, गुंडाळायचं आणि सावली बघून बसायचं. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू होते आणि मंडळी निदान करून मोकळी होतात: पेट्रोल लॉक झालं होतं. हे निदान इतकं रुळलेलं आहे की पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा तशीच बंद पडली तरी कुणी त्यावर शंका घेत नाही. उलट, पुन्हा पडली म्हणजे निदान पक्कंच झालं, असं धरतात. जुन्या गाड्यांचे मालक, त्यांचे मेकॅनिक आणि रविवारी सकाळी पॉलिश मारून गाडी बाहेर काढणारे हौशी लोक, सगळ्यांचं याबाबतीत एकमत आहे. माझं म्हणणं असं की हे निदान बहुतेक वेळा चुकतं. दोष पेट्रोलच्या नळीत नसून बारा व्होल्टच्या वाटेत असतो, आणि त्या वाटेतही तारेत कमी, तारांच्या जोडांत जास्त.

पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्या बळानिशी मांडायला हवा, कारण तो अडाण्यांचा नाही. पेट्रोल हा एकजिनसी द्रव नव्हे. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि जड घटक दोनशेच्या पुढेमागे. पद्मिनीची, म्हणजे याच फियाटची, टाकी मागे आणि पंप पुढे, तोही थेट इंजिनाला बोल्टांनी जखडलेला. पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे पंपापर्यंतच्या नळीत दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो आणि कमी दाबात द्रव लवकर उकळतो. घाटात उंचीमुळे हवेचा दाब आणखी उतरतो. लोणावळ्याच्या उंचीवर तो समुद्रसपाटीपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते, रेडिएटरमधून वारा पुरेसा जात नाही, बॉनेटखाली भट्टी होते. पंपात वाफ साठली की डायफ्रॅम वरखाली होत राहतो, वाफ दबते-फुगते, पेट्रोल पुढे सरकत नाही: हेच ते लॉक. यातलं एकही वाक्य खोटं नाही. अमेरिकेत लोक याच कारणासाठी पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत आले आहेत, म्हणजे ही समजूत आपल्यापुरती नाही.

पण एखादी गोष्ट घडू शकते हे दाखवणं निराळं आणि आत्ता, या गाडीत, तीच घडली हे दाखवणं निराळं. पूर्वपक्ष पहिलं दाखवतो आणि दुसरं गृहीत धरतो. दुसऱ्यासाठी त्याच्याकडे पुरावा एकच: फडकं लावलं आणि गाडी सुरू झाली.

हा पुरावा तपासू. फडकं लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं गेली. त्या वेळात पंप निवला हे खरं. पण कॉइलही निवली, डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर निवला, इग्निशन स्विचच्या पाठीमागचे स्क्रू निवले, बॅटरीचे टर्मिनल निवले. बॉनेट उघडं टाकल्यावर सगळंच निवतं. न्यायशास्त्रात घटाच्या कारणांची चर्चा चालते तेव्हा कुंभाराचं गाढव हटकून येतं. माती त्याच्या पाठीवरून आली, घट घडला तेव्हा ते दाराशी उभंही होतं. तरी चाक, दंड, माती यांच्या पंगतीत त्याला बसवत नाहीत, ते अन्यथासिद्ध ठरतं. ओलं फडकं हे या प्रकरणातलं गाढव आहे. ते कारण आहे असं म्हणायचं तर व्यतिरेक दाखवावा लागेल: फडकं न लावता तितकाच वेळ थांबलो आणि गाडी सुरू झाली नाही, किंवा फडकं लावून दोनच मिनिटांत ती सुरू झाली. हा प्रयोग घाटात कुणी करत नाही. घरी पोचायची घाई असते, हे समजण्यासारखं आहे. पण मग निदानाचीही घाई करू नये.

याहून जड आक्षेप व्यभिचाराचा आहे, म्हणजे कारण नसताना कार्य दिसण्याचा. दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्स्या मोठ्या संख्येनं सीएनजीवर आल्या. त्यांत पद्मिनीच जास्त. सीएनजी सिलिंडरमधून निघतो तोच वायू म्हणून. त्यात उकळायला द्रवच नाही, मग लॉक व्हायचं काय? तरीही त्या टॅक्स्या भर दुपारी सिग्नलला मरायच्या आणि थोड्या वेळानं मुकाट सुरू व्हायच्या. जुन्या टॅक्सीवाल्यांच्या डिकीत जादा कंडेन्सर, रोटर आणि पॉइंटचा सेट असायचा तो उगाच नव्हे. कारखान्याचं पुस्तक त्यांनी वाचलेलं नसेल, पण भाडं बुडण्याच्या अनुभवानं त्यांना जे कळलं होतं ते हौशी मालकांना अजून पटलेलं नाही. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही १०८९ सीसीची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून मुंबईतून अधिकृतपणे संपली. घरगुती पद्मिनी मात्र शेकड्यांनी टिकून आहेत, आणि बंदही पडत आहेत.

आता बंद पडण्याची तऱ्हा बघा. पेट्रोल थांबलं म्हणून इंजिन तत्क्षणी थांबत नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल असतंच. चाळीसएक मिलिलिटर धरू. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी ताशी साठच्या वेगानं तासाला पाच लिटर पिते, म्हणजे सेकंदाला साधारण दीड मिलिलिटर. पंप पूर्ण मेला तरी तो साठा जवळपास अर्धा मिनिट पुरेल. घाटात खप दुप्पट धरला तरी दहा-पंधरा सेकंद कुठे जात नाहीत. शिवाय चेंबरमधली पातळी उतरत जाते तसं मिश्रण हळूहळू पातळ होतं: गाडी आधी ओढ सोडते, झटके देते, ॲक्सिलरेटर कमी केला की जरा सावरते, चोक ओढला की आणखी थोडी चालते, मग मरते. पेट्रोलची उपासमार अशी कण्हत येते.

विजेचा दोष चावी फिरवल्यासारखा येतो. इंजिन चालू, इंजिन बंद. कधी वीज अर्ध्या सेकंदापुरती जाऊन परत येते, आणि परत येताना सायलेन्सरमधून फाटकन आवाज येतो. मधल्या काळात न जळता पुढे गेलेलं पेट्रोल तिथे पेटतं. लाइट-हॉर्न व्यवस्थित असतात, म्हणून मालक म्हणतो, ‘वीज तर आहे की!’ पण बहुतेक जुन्या गाड्यांत इग्निशनची वाट लाइट-हॉर्नच्या वाटेपासून लवकरच फुटते. ती स्वतःच्या स्विचमधून, स्वतःच्या स्क्रूंवरून आणि पुष्कळदा फ्यूजशिवायच कॉइलकडे जाते. हॉर्न वाजला यावरून एवढंच सिद्ध होतं की हॉर्नपर्यंत वीज आहे. बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: कण्हत मेली की पटकन मेली? निम्म्याहून अधिक वेळा उत्तर ‘पटकन’ असतं, आणि फडकं तरी पंपावरच असतं.

पूर्वपक्षी इथं घाटाचा मुद्दा पुढे करतो. सपाटीवर तासभर पळणारी गाडी घाटातच का मरते? मुद्दा चांगला आहे, पण तो त्याच्या विरुद्धही तितकाच जातो. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल गच्च भरतं, दाब वाढतो. आणि दाब जितका जास्त तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. सपाटीवर अर्ध्या थ्रॉटलला जी अशक्त ठिणगी निभावून नेते तीच पूर्ण भाराखाली फटीत हरते. घाट म्हणजे इग्निशनची परीक्षा. ‘घाटात आणि उन्हात बंद पडते’ या निरीक्षणातून पेट्रोल की वीज हा निवाडा होऊच शकत नाही. दोन्ही पक्षांना ते सारखंच लागू पडतं.

निवाडा व्हायचा तर तो गाडी बंद असतानाच, ती निवायच्या आत व्हायला हवा. त्याला पाच मिनिटं लागतात. एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघत थ्रॉटलचा दांडा हातानं जोरात ओढा. ॲक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची धार उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, आणि मग लॉकची गोष्ट तिथंच संपली. मग छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या कोऱ्या धातूला. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत आणि त्यांच्यापर्यंत वीज पोचते आहे. शोध पुढे, कंडेन्सर, कॉइलची दुय्यम बाजू, रोटर, कॅप इकडे न्यायचा. बल्ब नुसताच जळत राहिला तर पॉइंट मिटूनही वाट पुरी होत नाही: त्यांवर तेल-कचरा बसलाय, आतली वायर तुटलीय किंवा बेस प्लेटला अर्थिंग नाही. मुळीच पेटला नाही तर एक तर वीज कॉइलपर्यंत येतच नाही, नाही तर पॉइंटची बाजू कायमची बॉडीला चिकटली आहे; बल्ब कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलवर नेला की या दोहोंतलं काय ते कळतं. हे सगळं फडक्यासाठी पाणी शोधण्यापेक्षा सोपं आहे.

खंडन इथवर पुरे. मंडन म्हणजे दोष खरोखर कुठे राहतो आणि तो उष्णतेनं का डोकं वर काढतो, हे सांगणं. आणि त्यासाठी थोडं गणित टळणार नाही.

पॉइंट आणि कॉइलची ही पद्धत चार्ल्स केटरिंगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. पॉइंट मिटले की बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड वेटोळ्यातून वाहतो आणि चुंबकक्षेत्र साठवतो. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्या असतील तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. साध्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो, म्हणून बारा व्होल्टला प्रवाह चार अँपिअर. आता या वाटेवर कुठेतरी एक गंजलेला जोड आला आणि त्यानं अर्धाच ओहम वाढवला असं धरा. प्रवाह साडेतीनच्या खाली येतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यानं ती पाऊण पटीहूनही थोडी कमी उरते. एका हिरव्या पडलेल्या स्क्रूनं चौथा हिस्सा ठिणगी खाल्ली. तिकडे कॉइल तापली की तिच्या तांब्याचा रोधही वाढतो, पन्नास अंशांच्या वाढीला सुमारे वीस टक्के. म्हणजे गरम गाडीत ठिणगी मुळातच थोडी उतरलेली असते आणि जोडाचा दोष तिच्यावर स्वार होतो.

जोड स्वतःही तापतो. साडेतीन अँपिअर प्रवाह अर्ध्या ओहममधून गेला की पॉइंट मिटलेले असताना तिथे सहा वॅटच्या आसपास उष्णता निघते, आणि ती सगळी नखाएवढ्या जागेत. बॉनेटखालची भट्टी वर आहेच. वायरीच्या टोकाचं पितळेचं थिंबल सैल पडतं, गंजाचा थर वाढतो, रोध अर्ध्याचा एक ओहम होतो, उष्णता आणखी वाढते, आणि एका क्षणी वाट तुटते. इंजिन मरतं, प्रवाह थांबतो, जोड निवतो, आकुंचन पावून पुन्हा टेकतो. वीस मिनिटांनी सगळं ठणठणीत. पूर्वपक्षानं पेट्रोलच्या नावावर लिहिलेलं प्रत्येक लक्षण इथं हजर आहे: ऊन, घाट, थांबणं, आपोआप बरं होणं.

मग मल्टिमीटरनं हे सापडत का नाही? कारण तो चुकीच्या वेळी, चुकीच्या तऱ्हेनं लावला जातो. आजच्या डिजिटल मीटरचा आतला रोध दहा मेगाओहमच्या घरात असतो. तो वाटेतून प्रवाह जवळजवळ घेतच नाही. दहा बारीक तारांपैकी नऊ तुटून एकच उरली असेल तरी तो बारा व्होल्टच दाखवील, आणि वायरमन छातीठोक सांगेल की सप्लाय बरोबर आहे. इथं साधा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब मीटरपेक्षा शहाणा ठरतो, कारण तो पावणेदोन अँपिअर ओढून वाटेची खरी ताकद विचारतो. मीटरच वापरायचा तर असा: इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले, मीटरची एक सळई बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी कॉइलच्या आत येणाऱ्या टर्मिनलवर. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आत असलं पाहिजे. दीड-दोन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट वाटेत कुणीतरी खातं आहे. सळई एकेक जोड पुढे सरकवत न्या, चोर सापडतो. तसंच बॅटरीच्या ऋण खांबापासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगापर्यंत. हे लवकर उरकावं, कारण पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवलं की कॉइल विनाकारण तापते.

परतीची वाट सगळ्यांत दुर्लक्षित. इंजिन रबराच्या माउंटिंगांवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तोडलेलं. दोघांना जोडणारी विणलेली पट्टी तेलकट होते, तिचे पदर तुटतात, कुणी गिअरबॉक्स उतरवताना ती सोडतो आणि परत लावायला विसरतो. मग स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतायला दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. स्टार्टर मारल्यावर चोकचा दांडा हाताला गरम लागला तर बाकी काही न तपासता आधी ही पट्टी बघावी. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलतो, हेही परतीच्या वाटेचंच रडगाणं.

इथं थोडं कडवट बोलतो. अलीकडे लाखो रुपये घालून जुन्या गाड्या ‘रिस्टोअर’ होतात आणि त्यांतल्या कित्येक आधीपेक्षा जास्त बंद पडतात. कारण साधं आहे: बॉडी खरवडून, प्रायमर-पेंटचे थर चढवून, ब्रॅकेटांना पावडर कोटिंग करून सगळ्या अर्थिंगच्या जागा रंगाखाली गाडल्या जातात. रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे. बोल्टाच्या आट्यांतून जेवढी वीज परतेल तेवढीच परतते. प्रदर्शनात बक्षीस घेणाऱ्या गाडीच्या बोल्टाखाली रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं कोरी करा म्हटलं तर मालकाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघवत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या आत एक दोष लपून बसतो त्याची माहिती मात्र हवीच. जिथं व्हॅक्यूम ॲडव्हान्स आहे तिथं पॉइंटची प्लेट थ्रॉटलबरोबर थोडी फिरते, आणि तिच्याबरोबर पॉइंटांना वीज नेणारी बोटभर वायर दर वेळी वाकते. हजारो किलोमीटरांनंतर तिच्या आतलं तांबं तुटतं. वरचं आवरण शाबूत. आयडलला दोन टोकं टेकलेली, ॲक्सिलरेटर दाबला की सुटलेली. मेकॅनिक अर्थातच कार्ब्युरेटर उघडतो, कारण ‘ॲक्सिलरेटर दिला की मरते.’ कार्ब्युरेटर धुऊन, जेट फुंकून गाडी तशीच. चिमट्यानं ती वायर हलकी ओढली की रबरासारखी ताणली जाते. तांबं शाबूत असतं तर ताणली गेली नसती. कंडेन्सरचंही असंच: सुमारे पाव मायक्रोफॅरडची ही डबी थंड असताना निर्दोष आणि तापल्यावर गळकी असू शकते, तेव्हा थंड असताना केलेली तिची तपासणी काही सांगत नाही. ती पूर्ण शॉर्ट झाली तर ठिणगी बंद. आतून तुटली तर पॉइंटांवर निळी आग दिसते आणि ते भराभर जळतात. कॉइलच्या बाबतीत आजकाल वेगळाच घोळ होतो: रेझिस्टरसोबत वापरायची दीड ओहमची कॉइल रेझिस्टर नसलेल्या गाडीला लावतात. प्रवाह दुप्पट, अर्ध्या तासात कॉइल हात लावू देत नाही.

इथं दुसरं प्रचलित मत आडवं येतं: मधूनमधून येणारा दोष सापडत नसतो, एक तर तो पुरता बिघडेपर्यंत थांबा, नाही तर सगळं बदलून टाका. इंग्लंडमध्ये याचीच भावंडं म्हणून गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीवरचे विनोद आहेत. तिला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. विनोद मजेदार आहेत, पण पन्नास वर्षं पावसात भिजलेल्या, वायरी जोडणाऱ्या बुलेट कनेक्टरचा दोष कारखान्यावर ढकलणं मला पटत नाही. ‘सगळं बदला’ या मताला यश येताना दिसतं ते का, हेही पाहण्यासारखं आहे. कॉइल बदलताना तुम्ही तिचे दोन्ही टर्मिनल सोडता, थिंबल घासता, नट कसून आवळता. जोड सुधारतो आणि श्रेय नव्या कॉइलला जातं. पुन्हा तेच गाढव. जुनी कॉइल तशीच सोडून पुन्हा आवळली असती तरी गाडी चालली असती, पण ते कुणी करून बघत नाही, आणि चांगली कॉइल भंगारात जाते.

मधूनमधून येणाऱ्या दोषालाही नियम असतो. तो उष्णता, थरथर, ओल किंवा स्थिती यांपैकी कशाच्या तरी तालावर येतो. म्हणून तो मुद्दाम बोलवावा. इंजिन आयडलला ठेवून वायरिंगचा जुडगा वीतवीतभर हलवत जावं, चावी स्विचमध्ये वरखाली डोलवून बघावी (जड किल्ल्यांच्या जुडग्यानं झिजलेले स्विच मी खूप पाहिले आहेत), हेअर ड्रायरनं कॉइल, मग डिस्ट्रिब्युटर असं एकेक तापवावं. पावसाळ्यात मरणाऱ्या गाडीसाठी अंधारात कॅप आणि एचटी वायरवर पाण्याचा हलका फवारा मारावा; ठिणग्या कुठून पळतात ते डोळ्यांना दिसतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला फवाऱ्याचीही गरज पडत नाही. आणि तरी संशय फिटला नाही तर बॅटरीच्या धन खांबापासून कॉइलपर्यंत फ्यूज घातलेली एक तात्पुरती वायर थेट टाकून गाडी घाटात न्यावी. दोष गेला तर तो स्विच आणि जुन्या वायरीत होता. राहिला तर पलीकडे आहे. एवढं लक्षात ठेवायचं की या अवस्थेत चावीनं इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते.

हल्ली पूर्वपक्षाला नवा आधार मिळाला आहे तो इथेनॉलचा. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर सर्रास आल्यापासून जुन्या गाडीचा प्रत्येक खोकला त्याच्या माथी मारला जातो. त्यात तथ्य आहेच: जुनं रबर इथेनॉलनं फुगतं-मऊ पडतं, पंपाचा डायफ्रॅम आणि नळ्या त्याला सोसतील अशा घ्यायला हव्यात, टाकीत पाणी धरून राहतं, आणि जुन्या जेटांवर मिश्रण पातळ पडतं. पण पातळ मिश्रण रोज, प्रत्येक चढावर पातळ असतं. ते मंगळवारी मारून बुधवारी सोडून देत नाही. इथेनॉलचे दोष मला मान्य आहेत. बंद पडून आपोआप बऱ्या होणाऱ्या गाडीला ते लागू पडत नाहीत इतकंच.

‘मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि विषय संपवा’ असं काहीजण म्हणतात. पॉइंट आणि कंडेन्सर गेले की त्यांचे दोष जातात, हे बरोबर. पण त्या इग्निशनच्या मॉड्यूललाही तीच वायर, तोच स्विच आणि तीच अर्थिंग लागते, आणि कमी व्होल्टेजला तो पॉइंटांहून नाजूक असतो. जोड आधी दुरुस्त केले तर तो उत्तम चालतो, आणि तेव्हा पुष्कळदा त्याची गरज उरलेली नसते.

पूर्वपक्षाचं काय शिल्लक राहतं? एक प्रसंग राहतो, आणि तो त्याचाच आहे. तासभर पळालेली गाडी तुम्ही स्वतः बंद केली, चहा घेतला, दहा-पंधरा मिनिटांनी आलात आणि ती सुरू होत नाही. पंखा थांबलेला, इंजिनाची उष्णता वर चढलेली. पंपातलं पेट्रोल वाफ झालेलं किंवा फ्लोट चेंबरमधलं उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं. सांडलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, पंप न करता स्टार्टर मारला की गाडी धूर सोडत उठते. पंप खरोखर लॉक होत असेल तर त्याच्या आणि इंजिनाच्या मधली उष्णतारोधक बेकलाइटची चकती आहे का ते बघावं. दोन-चार वेळा पंप उघडलेल्या गाड्यांत ती बऱ्याचदा नसते. तिच्या जागी कागदी पॅकिंग घालून पंप आवळलेला असतो. नवी घेताना जाडी मूळचीच हवी, कारण पंपाचा दांडा कॅमवर किती टेकतो ते तिच्यावर ठरतं: जाड झाली तर पंप पेट्रोल कमी देतो, पातळ झाली तर दांडा मोडू शकतो.